चौऱ्याऐंशी भालाईत

ताईकडे आता अकरा सेना आहेत. एक घोडेस्वारांची आहे, एक तोफांची आहे, आणि एक निव्वळ हत्तींची आहे, जी टेबलावर उतरली की समोरच्याला आधी पाणी द्यावं लागतं. पण खेळायला आलेल्या कुणी नवख्यानं काचेच्या कपाटापुढे उभं राहून विचारलं, "यातली तुमची आवडती कुठली?" की ती सगळ्यात खालच्या कप्प्याकडे बोट दाखवते. तिथे चौऱ्याऐंशी भालाईत उभे आहेत, बोटाच्या दोन पेरांएवढे. रंग जरा विटलाय, दोघातिघांचे भाले मोडून परत चिकटवलेत, आणि नीट बघितलं तर त्यात एक घोळ आहे. त्या घोळाचीच ही गोष्ट.

ताई दातांच्या लॅबमध्ये कामाला. दवाखान्यात नाही, लॅबमध्ये. हा फरक तिला जन्मभर लोकांना समजावून सांगावा लागला. डॉक्टर माप घेतात, ते माप डब्यातून लॅबमध्ये येतं, आणि चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत खिडकीशी बसून ताई प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात लावते, गुलाबी हिरडी घडवते, घासूनपुसून चकचकीत करते. कवळी परत डब्यातून जाते. पेशंट आरशात बघून हसतो आणि म्हणतो, "वा डॉक्टर, काय हात आहे तुमचा." बावीस वर्षं ताईनं अर्ध्या गावाला चावायला लावलं होतं आणि गावाला तिचं नाव माहीत नव्हतं. पाटी रंगवणारासुद्धा पाटीच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतो, कवळीवर कोण सही करणार? तिला याचं वाईट वाटायचं. बोलून दाखवायची नाही, पण वाटायचं.

तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. त्याची कारणं नातेवाईकांनी पुष्कळ शोधली, तिनं स्वतः कधी शोधली नाहीत. दादा-वहिनीच्या घरात मागची खोली तिची होती. सकाळी लॅब, संध्याकाळी घर, रविवारी कपडे, असं सगळं शिस्तीत चाललं होतं, आणि त्या शिस्तीचा तिला मनापासून कंटाळा आला होता.

एका शनिवारी दुपारी लॅबच्या मालकांनी तिच्या हातात डबा ठेवला. "ताई, घरी जाताना एवढं घड्याळजींकडे द्या. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे, दवाखान्यात येता येत नाही." घड्याळजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान खाली आणि घर वर. ताई जिना चढून वर गेली तेव्हा हॉलचं दार उघडंच होतं, आणि दारातच तिचे पाय थबकले.

हॉलमध्ये टेबल-टेनिसचं टेबल मांडलेलं. त्यावर हिरवं कापड, थर्मोकोलच्या टेकड्या, भांडी घासायच्या घासणीची झाडं, निळ्या फितीची नदी. नदीच्या दोन्ही काठांवर चिमुकल्या सैनिकांच्या रांगा, झेंडे, घोडे. घड्याळजी प्लास्टरातला पाय स्टुलावर टाकून एका बाजूला बसले होते. समोर एक ताठ म्हातारा मोजपट्टी टेबलाला टेकवून म्हणत होता, "साडेसहा इंच. सहा नाहीत. तुमचे घोडे पोचत नाहीत." आणि दोन पिकल्या केसांची माणसं अर्ध्या इंचावरून अशी भांडत होती की सख्खे भाऊ शेताच्या बांधावरून काय भांडतील.

ताई डबा द्यायला आली होती ती दोन तास उभी राहिली. कुणी बस म्हटलं नाही, तिलाही सुचलं नाही. पाळीपाळीनं सैन्य हलवायचं, अंतर मोजायचं, रांगा भिडल्या की फासे टाकायचे, हरलेली तुकडी पळते, एवढं तिला उभ्याउभ्या कळलं. पण तिला जागेवर खिळवलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. एका टेकडीमागे दहा घोडेस्वार लपलेत, समोरच्याला कल्पना नाही, आणि आपल्याला दिसतंय. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. शेवटी ते घोडे टेकडीवरून उतरले तेव्हा तिच्या तोंडून "गेले!" असं निघूनच गेलं आणि दोघांनी वळून पाहिलं.

"तुम्ही कोण?" ताठ म्हातारा म्हणाला.

"मी कवळी आणलीय," ताई म्हणाली. मग वाकून एका सैनिकाकडे बघत म्हणाली, "यांना तोंडं का नाहीत?"

खरंच नव्हती. विकतचे पुतळे, चेहऱ्याच्या जागी नुसता गोळा. घड्याळजी हसले. तोंडात अजून कवळी नव्हती, पण हसले. "तुम्ही द्या मग तोंडं. आम्हाला सैन्य हवंच आहे."

झालं. खूळ डोक्यात शिरायला एवढं पुरतं.

लॅबमध्ये दुपारच्या सुट्टीत ताईनं मेणाचा पहिला भालाईत कोरला. बारीक सुरी, दिव्याच्या ज्योतीवर गरम केलेली सळई, डोळ्याला भिंग. तोंड उघडं, कपाळाला आठी, आणि उघड्या तोंडात दात. हो, दात. दाढीच्या केसाएवढे, पण सहाच्या सहा. आपल्याला जे येतं ते माणूस घालतोच. मग रबराचा साचा, आणि साच्यात मुदत उलटून गेलेलं हिरडीचं गुलाबी मिश्रण, जे मालक फेकूनच देणार होते. साच्यातून पहिला सैनिक निघाला तो नखशिखांत गुलाबी. ताईनं तो तळहातावर घेतला आणि तिला इतका आनंद झाला की ती लॅबच्या जिन्यात जाऊन एकटीच हसून आली.

वरच्या जबड्याला चौदा दात लागतात, म्हणून तिनं तुकडी चौदाची धरली. चौदा वेगवेगळे पुतळे कोरले, प्रत्येकाचे सहा-सहा ओतले. गडद निळे अंगरखे, तांबड्या ढाली. अकरा महिने गेले. दादा म्हणायचा, "या वयात भातुकली?" ताई तेवढ्यात पुढची ढाल रंगवायला घ्यायची. वहिनी मात्र रात्रीची भांडी झाली की येऊन बसायची, एकेक सैनिक उचलून बघायची. "वन्सं, हा अगदी आपल्या पोस्टमनसारखा दिसतो हो," म्हणायची, आणि दिसायचाही.

सेना पुरी झाली तेव्हा ताई ती कापसात गुंडाळून, तान्ह्या बाळाला न्यावं तशी घड्याळजींकडे घेऊन गेली. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. एक उचलला, दुसरा उचलला. "दात! अहो, यांना दात आहेत!" मग पहिली तुकडी त्यांनी ओळीनं लावली आणि भिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, परत आणलं.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"ताई, यातले अर्धे डावखुरे आहेत."

ताईनं बघितलं. सात जणांच्या उजव्या हातात भाला, डाव्या हातात ढाल. सात जणांचं बरोब्बर उलटं. "मग?" ती म्हणाली. "उजव्या बाजूला एक केला की डाव्या बाजूला त्याचा जोडीदार उलटा नको का?"

"तो दातांना, ताई."

बावीस वर्षं ज्या हातांनी उजवा सुळा केला की लगेच डावा सुळा केला, ते हात विचारायला थांबले नव्हते. बेचाळीस उजवे, बेचाळीस डावे. तिनं कपाळाला हात लावला.

आता घड्याळजींकडे जमणाऱ्या या खेळाडूंच्या मंडळाचा एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. घड्याळजींच्या हॉलमध्ये काचेचं कपाट होतं. स्वतःची सेना घेऊन येणाऱ्यानं एक कसोटीची लढाई खेळायची, तीही त्या ताठ म्हाताऱ्याशी. जिंकलं तर सेनेला कपाटात कप्पा, आणि कप्प्यावर नावाची पट्टी. ती पट्टी हरलेल्यानं स्वतःच्या हातानं लिहायची. हरलं तर सेना खोक्यात घालून घरी न्यायची आणि वर्षभर मंडळाच्या मोडक्यातोडक्या सामायिक सैन्यावर खेळायचं. त्या म्हाताऱ्याला सगळे कर्नल म्हणत. सैन्यात ते एक दिवसही नव्हते. जमीन मोजणीच्या कचेरीत साखळी ओढून निवृत्त झाले होते. पण खेळाची नियमांची वही त्यांनीच लिहिली होती आणि गेल्या सहा कसोट्यांत ते एकदाही हरले नव्हते.

त्या दिवशी कर्नलही तिथेच होते. त्यांनी ती तुकडी पाहिली आणि ते खो-खो हसले. "हे सैन्य म्हणायचं की आरसा? जगात कुठल्या फौजेत निम्मे डावरे होते? बाई, घरी जा, बेचाळीस पुन्हा करून आणा, मग बोलू."

घड्याळजी हळूच म्हणाले, "सहा महिन्यांचं काम आहे, ताई. घाई नाही."

ताईनं टेबलावरच्या त्या चौदा चेहऱ्यांकडे पाहिलं. पोस्टमनसारखा दिसणारा डावखुराच होता. याला काढून टाकायचं? कुणाच्या सांगण्यावरून? तिला राग आला, आणि बावीस वर्षांत जेवढा गिळला होता तेवढा सगळा एकदम आला. "आहेत तसेच खेळतील," ती म्हणाली. "मला तुमची नियमांची वही द्या."

महिनाभर दुपारच्या सुट्टीत तिनं ती वही वाचली. लोक असली वही चाळतात, हिनं पाठ केली. पहिलाच नियम कर्नलनी ठळक लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या: पुतळ्यावर जे दिसतं तेच खरं. पुतळ्याच्या हातात भाला असेल तर भालाईत, तलवार असेल तर तलवारवाला. तोंडानं सांगितलेलं चालणार नाही. ताईनं तो नियम वाचला, तुकडी समोर मांडली, आणि तिचा जेवणाचा डबा त्या दिवशी तसाच राहिला.

कसोटीच्या दिवशी वहिनी बरोबर आली. दादाला सांगून आली, "आज जेवण तुम्ही बघा." तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून घड्याळजी तिच्या शेजारी बसून सगळं समजावत होते. पंच तेच होते.

"कर्नलचा एकच डाव असतो," ते कुजबुजले. "सैनिकाची ढाल डाव्या हातात, म्हणून तुकडीची डावी बाजू झाकलेली, उजवी उघडी. उघड्या बाजूनं हल्ला केला की दोन फासे जास्त मिळतात. ते नेहमी उजवीकडून घुसतात."

आणि तिसऱ्याच पाळीला कर्नलनी दहा हलके घोडेस्वार ताईच्या टोकाच्या तुकडीवर उजवीकडून घातले. मोजपट्टी लावली, अंतर बरोबर भरलं. "उघडी बाजू," ते म्हणाले आणि दोन फासे जास्तीचे उचलले.

"उघडी कुठाय?" ताई म्हणाली. "बघा ना."

घड्याळजी लंगडत उठले, भिंग लावून वाकले. ताईनं उजव्या अंगाला सातही डावखुरे उभे केले होते. त्यांच्या ढाली उजव्या हातात. डाव्या अंगाला सात उजवे; त्यांच्या ढाली डाव्या हातात. तुकडी दोन्हीकडून झाकलेली. घड्याळजी सरळ झाले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पुतळ्यावर जे दिसतं तेच खरं. फासे ठेवा, कर्नल."

वहिनीनं टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे पाहून हात पदराखाली घेतले. हलके घोडेस्वार आपटले आणि मागे पळाले.

कर्नल लाल झाले, पण माणूस काही कच्चा नव्हता. खाली वाकून, डोळे बारीक करून त्यांनी ती रांग समोरून पाहिली आणि हसले. "दोन्ही बाजूंच्या ढाली बाहेर. म्हणजे बरोब्बर मधे एकही ढाल नाही. पुढच्या दोन दातांत फट असते तशी. मधोमध घुसलं तर दोन फासे जास्त. पंच?"

घड्याळजींनी नाइलाजानं मान हलवली. "दिसतंय तसं. मान्य."

"मलाही मान्य," ताई म्हणाली.

घड्याळजींचा चेहरा पडला. वहिनीनं विचारलं, "वाईट झालं का?" तर ते म्हणाले, "फार वाईट." कर्नलनी वीस जड घोडेस्वार, खुद्द आपल्या सेनापतीसकट, पाचरीसारखे ताईच्या मधल्या तुकडीसमोर आणले. त्यांचं पायदळ तीन इंच मागे राहिलं. त्यांना त्याची फिकीर नव्हती. एकदा मधली फळी फुटली की संपलं.

ताई त्या पाचरीकडे बघत होती. खोकं शेजारच्या खुर्चीवर होतं. हरलो तर हे सगळे त्यात जाणार आणि वर्षभर बाहेर निघणार नाहीत. पण तिच्या हातांना काही वेगळंच दिसत होतं. कवळी मिटली की वरच्या-खालच्या दातांमध्ये निळा कागद धरायचा आणि चावायला लावायचं. जो दात बाकीच्यांपेक्षा केसभर उंच असेल त्याच्यावर निळा ठिपका उमटतो. तो घासला नाही तर सगळा भार एकट्या त्याच्यावर येतो आणि आधी तोच मोडतो. दिवसातून दहा वेळा ती असे ठिपके शोधायची. टेबलावर असा एक दात उंच राहिला होता, आणि तो तिचा नव्हता.

"माझी मधली तुकडी लढत नाही," ती म्हणाली. "चार इंच मागे सरकते."

कर्नलनी भुवया उंचावल्या. "तुकडी मागे सरकली तर घोडा थांबत नाही, तिच्या मागे जातोच. नियमच आहे."

"माहितीय. बारावा नियम. या पुढे."

घोडेस्वार पुढे आले, रांगेच्या पोटात शिरले. कर्नलनी बारा फासे फेकले. मधल्या चौदांतले आठ पडले. पाचापेक्षा कमी उरले असते तर तुकडी पळाली असती. सहा उरले. त्यांत पोस्टमनसारखा दिसणारा होता, हे ताईनं सगळ्यात आधी पाहिलं.

आणि मग तिनं डावीकडची तुकडी आत वळवली, उजवीकडची आत वळवली. जबडा मिटला. घोडेस्वार मधे एकटे. मदतीला येणारं पायदळ सात इंच मागे. एका बाजूनं त्यांची उघडी बाजू, म्हणजे दोन फासे जास्त. ताईनं फासे उचलले आणि टाकले. पहिल्या फेकीत नऊ घोडे गेले, दुसऱ्या फेकीत सेनापती गेला. सेनापती पडला की बाकीच्या तुकड्यांची हिंमत तपासायची असते. कर्नलनी एकेका तुकडीसाठी फासा टाकला. पहिली पळाली. दुसरी टिकली. तिसरी पळाली. चौथी पळाली.

"निम्म्याहून जास्त सैन्य गेलं," घड्याळजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "लढाई संपली. ताई जिंकल्या."

वहिनीनं येऊन तिला मिठीच मारली, टेबलाचा, टेकड्यांचा विचार न करता. नदी अर्धी फरशीवर गेली. "वन्सं," ती म्हणत होती, "मला काही कळलं नाही, पण काय हरवलंत हो त्यांना." ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ती पुसत नव्हती. हे आपण जिंकलो, आपल्या डोक्यानं, आपल्या हातच्या सैन्यानं. तिला ते मोठ्यानं सांगावंसं वाटत होतं आणि सांगायला कुणी अनोळखी माणूस खोलीत उरला नव्हता.

कर्नल खुर्चीत बसून राहिले. मग त्यांनी मोजपट्टी घेऊन घोड्यांपासून पायदळापर्यंतचं अंतर मोजलं. सात इंच. पुन्हा मोजलं, सातच. मग ते उठले, खालच्या रिकाम्या कप्प्यापुढे गेले, खिशातून पेन काढलं आणि कागदाची पट्टी गुडघ्यावर धरली. "नाव सांगा. पूर्ण."

ताईनं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. कर्नलनी ते मोजणीच्या नकाशावर लिहावं तसं सुबक, एकेक अक्षर वेगळं काढून लिहिलं, आणि पट्टी हातात धरून वाचली.

"गावात एवढी वर्षं काढली, पण हे नाव मी कधी ऐकलं नाही."

"कसं ऐकाल," ताई म्हणाली. "पण तुमची खालची कवळी माझ्याच हातची आहे. डावीकडचा सुळा मी मुद्दाम जरा तिरका बसवला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहून आलं होतं, माणूस हट्टी आहे, पूर्वी होता तस्साच हवा म्हणतो."

कर्नलची जीभ आतून त्या सुळ्याशी गेली. गालावरून सगळ्यांना दिसलं. मग ते हसले, तिरक्या सुळ्यासकट, तोंड भरून, आणि पट्टी परत गुडघ्यावर घेऊन नावाखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: सेना आणि माझे दात, दोन्ही यांनी घडवले.